डबा ३ रुपये, बाकी

प्रकरण थोडक्यात असं. मालवण आणि देवगडच्या मधल्या एका खाडीकाठच्या गावात १९७८ साली चार पोरांनी बँड काढला आणि १९७९च्या शिमग्यात तो संपला. कार्यक्रम झाले तीन. बँडला नाव नव्हतं. गाव त्यांना ‘भोंगेवाले’ म्हणायचं, आणि ते काही कौतुकाने नव्हे. पुढे पंचवीसेक वर्षांनी माझा चुलतभाऊ पुण्यात इंजिनिअरिंग करता करता गिटार वाजवायला लागला. त्याने घरातली एक जुनी कॅसेट ऐकली, उडालाच, आणि म्हणाला, “अरे, हे तर पंक आहे!” पंक म्हणजे विलायतेतलं सत्तरच्या दशकातलं वेगवान, खरखरीत, चिडलेलं रॉक. तेव्हापासून ‘कोकणातला पहिला पंक बँड’ ही गोष्ट आमच्याकडे चतुर्थीला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर वाढली जाते.

गोष्टीचे नायक माझे धाकटे काका. ते खलाशी. १९७७ साली त्यांची बोट लंडनच्या गोदीत लागली होती, राणीच्या राज्याचा रौप्यमहोत्सव चालू होता आणि केस उभे केलेली पोरं राणीलाच शिव्या घालणारं गाणं वाजवत होती. काकांनी ते ऐकलं, रेकॉर्ड विकत घेतली, गावी आले, बेंजोला भोंगा जोडला आणि देवळासमोर असा काही आवाज काढला की मानकऱ्यांनी तो बंद पाडला. मग काका परत बोटीवर गेले आणि बँड संपला. गोष्ट फक्कड आहे. मीसुद्धा ती कित्येकांना सांगितली आहे.

मी मालवणात साउंडचा धंदा करतो. डबलबारी म्हणजे दोन भजनीबुवांचा सामना, दशावतार, लग्न, सभा, जे मिळेल ते. काका २०११ साली गेले. दोन वर्षांपूर्वी चुलतभावाने ती कॅसेट माझ्याकडे दिली. “साफ करून दे, नेटवर टाकू.” मी साफ करायला घेतली आणि गोष्टच उसवत गेली.

हातात काय होतं

वस्तू चार. ती कॅसेट, पडवीत टांगलेला एक काळा-पांढरा फोटो, जमाखर्चाची लाल पुठ्ठ्याची वही, जिची तीनच पानं भरलेली, आणि काकांचं सीडीसी, म्हणजे खलाशाचं पुस्तक. त्यात तो कोणत्या तारखेला, कुठल्या बंदरात जहाजावर चढला आणि उतरला, त्याचे शिक्के असतात. याखेरीज माणसं. गावात विचारायला लागलो तर साठीच्या पुढचा जो भेटेल तो सांगायचा, “होय तर, मी होतंय थंय!” तिसऱ्या कार्यक्रमाला ‘होतंय’ म्हणणारे मी मोजले तर ते तेव्हाच्या गावापेक्षा जास्त भरले असते.

हे आपल्याकडचंच नाही म्हणा. ४ जून १९७६ला मँचेस्टरच्या एका छोट्या सभागृहात ‘सेक्स पिस्टल्स’ हा लंडनचा पंक बँड वाजवायला आला तेव्हा प्रेक्षक होते काही डझन. पुढे त्यातल्याच काहींनी नाव काढलं, तो कार्यक्रम दंतकथा झाला, आणि ‘मी तिथे होतो’ सांगणाऱ्यांची गर्दी हजारांत गेली. आमच्याकडे नाव कोणीच काढलं नाही, पण गर्दी मात्र तशीच वाढली.

राणीचं गाणं

आधी सोपी गाठ. ज्या गाण्याचं नाव आमच्या घरात घेतलं जातं ते ‘गॉड सेव्ह द क्वीन’, ‘सेक्स पिस्टल्स’नी २७ मे १९७७ रोजी बाजारात आणलं. रौप्यमहोत्सवाचा मुख्य सोहळा त्याच जूनमध्ये होता. बीबीसीने ते वाजवायला नकार दिला, तरी विक्रीच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. एवढं सगळं खरं. काकांचं पुस्तक मात्र सांगतं की ते मार्च १९७७मध्ये मुंबईत उतरले आणि पुढचा शिक्का थेट नोव्हेंबर १९७८चा आहे. मधले वीस महिने ते घरी होते, नंबर लागायची वाट बघत. त्या काळी खलाशांना रोस्टरवर अशी दीड-दोन वर्षं काढावी लागत, त्यात नवल काही नाही. म्हणजे गाणं बाजारात यायच्या आधीच काका गावात चिंगळां सोलत बसले होते.

आणि रेकॉर्ड? आणली असती तरी वाजवली कशावर असती? आमच्या घरात रेकॉर्ड प्लेअर कधी नव्हताच. काकांनी आणला होता तो जपानी टेपरेकॉर्डर, सेलवर चालणारा.

चुलतभावाला हे सांगितलं तेव्हा तो दोन दिवस फोनवर आला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “मग तो आवाज आला कुठून?” प्रश्न अगदी रास्त होता. सगळं प्रकरण त्या प्रश्नातच आहे.

बेंजो, मशीन, भोंगा

आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा आणि अमेरिकेतल्या चामडं मढवलेल्या बेंजोचा संबंध नावापुरता. आपला म्हणजे बुलबुल तरंग. लाकडी पेटीवर पोलादी तारा, वर टाइपरायटरसारख्या कळा, एका हाताने कळ दाबायची, दुसऱ्याने नखीने तार छेडायची. मूळचा जपानी. नागोयात १९१२च्या सुमारास असं वाद्य निघालं, तिथून ते आपल्याकडे आलं आणि गिरणगावात पोचेपर्यंत पक्कं मराठी झालं. मुंबईच्या बेंजो पार्ट्यांनी त्याला पिकअप लावून मशीनला जोडलं. मशीन म्हणजे अँप्लिफायर; आमच्या धंद्यात अजून मशीनच म्हणतात.

बँडमधला बेंजोवाला परळच्या एका गिरणीत बदली कामगार होता. १९७८च्या शिमग्याला तो भाऊच्या धक्क्यावरून बोटीने आला, बेंजो आणि एक सेकंडहँड भोंगा घेऊन. पावसाळ्यात या बोटी बंद असायच्या, म्हणून चाकरमानी चतुर्थीला एसटीने आणि शिमग्याला, मे महिन्यात बोटीने, असा हिशोब. आमच्याकडे बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर समुद्रात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, बोचकी पडावात उतरवून किनाऱ्याला आणायची. त्या उतरवाउतरवीत भोंगा पडावाच्या काठावर आपटला आणि लाट अंगावर आली. हे मला तिघांनी वेगवेगळं सांगितलं आणि तिन्ही ठिकाणी जुळलं, म्हणून धरून चालतो.

आता भोंगा आपटला की काय होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण तो माझा विषय आहे. भोंग्याच्या मागे युनिट असतं, त्यात वाटीएवढा पातळ पडदा. तो पडदा चिरला की मऊ आवाज जवळजवळ नीट येतो, पण जोर लावला की चिरलेल्या कडा एकमेकींवर फडफडतात आणि प्रत्येक सुराला एक खरखरीत शेपूट लागतं. त्यात भोंगा मुळातच वरच्या पट्टीत ओरडणारा; खर्ज त्याच्याकडे नाहीच. सभेतल्या भाषणासाठी बनलेली वस्तू ती. तिच्यातून पोलादी तारेचा बेंजो काढायचा आणि मशीनचं बटण शेवटपर्यंत फिरवायचं, म्हणजे काय होत असेल याचा अंदाज करा. विलायतेत याच सुमाराला पोरं मुद्दाम पैसे घालून आवाज फाडत होती. इथे तो पडावात आपोआप फाटला. नवं युनिट घ्यायला पैसे नव्हते.

गाणारा होता दशावतारातला. रात्र-रात्र पेटी, मृदुंग आणि झांजेवर, माईकशिवाय, शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायची सवय असलेला गळा. त्याने माईक तोंडाला लावला की मशीन हात टेकायचं. काय गायचे? जुन्या भजनांच्या चाली, दुप्पट वेगाने, आणि त्यावर जागच्या जागी जुळवलेल्या ओळी: रेशनवर न आलेली साखर, न आलेली एसटी, पुलाचं न झालेलं काम. तालुक्याच्या गावाला जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ला झाला. तोवर आम्ही रत्नागिरीच्या शेपटाला होतो, आणि शेपटाकडे कोण बघतो.

आणि काका? काका मशीनवर होते. म्हणजे बटण फिरवायला. कुठलंही वाद्य त्यांनी कधी वाजवल्याचं गावात एकालाही आठवत नाही. पडवीतल्या फोटोत मात्र ते मधोमध बसलेत, पायावर पाय टाकून. डावीकडे बेंजोवाला, उजवीकडे गाणारा.

बावन्न सेकंद

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात चाळीस-पंचेचाळीस पावसाळे ट्रंकेत काढलेल्या कॅसेटची अवस्था काय असणार? रिळाच्या दोन्ही बाजूंना पांढरी बुरशी, साखर भुरभुरल्यासारखी. तोंडाला फडकं बांधून पाच स्क्रू काढले, फीत दुसऱ्या कवचात घातली, दाब देणारी स्पंजाची गादी नवी लावली आणि मऊ कापडातून सगळी फीत हाताने दोनदा फिरवली. पूर्ण दुपार गेली.

साठ मिनिटांची कॅसेट. पहिली बाजू: डबलबारीचं भजन. दुसरी बाजू: भजनच. बुवा रंगात येऊन थांबतात, खट् असा आवाज होतो, आणि फीत संपायच्या आधी बावन्न सेकंद उरतात. भजन तिथवर पोचलं नाही म्हणून खालचं जुनं रेकॉर्डिंग तेवढं पुसायचं राहिलं. चुलतभावाने ऐकलेला पंक तो एवढाच. बाकी सगळं बुवांच्या खाली गेलं.

पण काय बावन्न सेकंद! फाटका बेंजो, त्याच्यावर चढून ओरडणारा गळा, आणि खाली एक तापलेल्या पत्र्यासारखा ताल, थांबायचं नाव नाही. वेग इतका की हाताने ठेका धरता येत नाही. मोजला तर मिनिटाला २०८ ठोके. चुलतभाऊ बरोबर होता असं क्षणभर मलाही वाटलं.

मग घरघर ऐकू आली. गाण्याच्या मागे, सतत, पंख्यासारखी. ती मशीनची. विजेवर चालणाऱ्या जुन्या मशीनमध्ये विजेच्या ५० आवर्तनांची दुप्पट, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांची घरघर असते. कान सरावला की लांबून ओळखता येते. मी ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढला. काटा ११६वर. शंभरवर असायला हवा, तो ११६वर. याचा अर्थ एकच: रेकॉर्ड करताना टेपरेकॉर्डरचे सेल उतरले होते, फीत हळू फिरत होती, आणि आता ती योग्य गतीने वाजवली की सगळं सोळा टक्के जास्त वेगाने पळतं. माझा डेक चुकत नव्हता, कारण त्याच कॅसेटवरची भजनाची पेटी नेमकी पट्टीवर बसत होती. त्या काळी वीज स्वतःच पन्नासच्या खाली घसरायची, म्हणजे फरक सोळापेक्षा थोडा जास्तच असेल, कमी नाही. गती दुरुस्त केली. २०८चे १७९ झाले. बेंजो काळी दोन आणि पांढरी तीनच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत होता तो काळी एकवर येऊन बसला. गाणाऱ्याचा किरटा आवाज माणसाचा झाला.

१७९ म्हणजेही काही सावकाश नव्हे. शिमग्यातल्या ढोलाच्या शेवटच्या चालीएवढा वेग आहे तो. पण पंकची जी झिंग कॅसेटमध्ये ऐकू येत होती तिचा चांगला सोळा टक्के वाटा उतरलेल्या सेलचा होता, हे लिहून ठेवायला हवं.

घरघरीने दुसरंही एक सांगितलं, आणि ते मला जास्त लागलं. गोष्टीत ही कॅसेट काकांनी आमच्या खळ्यात, पहिल्या कार्यक्रमाला भरली. पण आमच्या घरी वीज आली ती १९८३ साली. पहिल्या कार्यक्रमाला मशीन बॅटरीवर चाललं होतं. वहीत ‘बॅटरी चार्ज’ अशी नोंद आहे. बॅटरीवर ही घरघर येत नाही. म्हणजे कॅसेट आमच्या खळ्यातली नव्हेच. वीज होती शाळेत आणि देवळापाशी. शाळेतला कार्यक्रम चतुर्थीचा, देवळासमोरचा शिमग्याचा. आणि शेवटच्या चार सेकंदांत, बेंजो थांबल्यावर, स्पष्ट बोंब ऐकू येते, तोंडावर हात मारून घातलेली. चतुर्थीला कोण बोंब मारतो? हा १९७९चा शिमगा. त्या वेळी काका, पुस्तकातल्या शिक्क्याप्रमाणे, चार महिने समुद्रावर होते.

मग टेपरेकॉर्डर कोणाच्या हातात होता?

तिसऱ्या पानावरचं अक्षर

वही पुन्हा काढली. पहिली दोन पानं काकांच्या हातची, उजवीकडे झुकलेली. तिसरं पान, शिमगा १९७९, वेगळं: गोल, सुटं, शाळेच्या फळ्यावर असतं तसं. ‘मशीन भाडे’, ‘चहा’, ‘सेल घेतले नाहीत’. मी हे अक्षर लहानपणापासून बघत आलोय. लोणच्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवर तेच असतं.

काकींना विचारलं तेव्हा त्या मागील दारी कोकमं फोडत होत्या. हात थांबला नाही.

“मीच लावलेलंय. तुझो काको खंय होतो? तो बोटीर. सेल संपत इले होते, तरी म्हटला बघूया.”

“मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?”

“माका कोणी इचारूकच नाय.”

त्यावर भजन का भरलं, तर नवी कॅसेट मिळणार कुठे, आणि बारीला उभा राहिलेला बुवा त्यांचा सख्खा भाऊ. हे कारण मला पूर्णपणे मान्य आहे. विलायतेत त्याच सुमाराला ‘बझकॉक्स’सारखे पंक बँड ५०० पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७मध्ये स्वतःची तबकडी स्वतः काढत होते, पहिल्याच खेपेला हजार प्रती. सहा महिन्यांत मोडलेल्या बँडचीसुद्धा पाचशे-हजार तबकड्यांमुळे आठवण राहायची. पुढे हौशी लोक त्या शोधून संग्रह काढू लागले. आपल्याकडे तबकडी काढणं म्हणजे एखाद्या मोठ्या कंपनीच्या दारात उभं राहणं, आणि स्वस्त कॅसेटची लाट यायची ती ऐंशीच्या दशकात. १९७९मध्ये आमच्या गावात एक कॅसेट होती. तिच्यावर एक तर भोंगेवाले राहणार होते किंवा भाऊ. काकींनी भाऊ ठेवला.

निघताना मी सहज विचारलं, खाली तो पत्र्यासारखा वाजतो तो भोंग्याचा पडदा ना? तोवर मी तसंच धरून चाललो होतो. व्यवसायाचा अभिमान, दुसरं काय.

काकींनी माझ्याकडे बघितलं. “पडदो कसलो? तो डबो.”

डबा

वहीच्या पहिल्या पानावर, काकांच्या अक्षरात, चौथी ओळ: ‘डबा १ — ३ — बाकी’. मी ती ओळ किती वेळा वाचली असेन. चुलतभाऊ म्हणायचा चिवड्याचा डबा असेल. गावात दोघांनी सांगितलं घासलेट आणायचा. घासलेटचाच होता, पण आणायचा नव्हे, वाजवायचा. आणि फोटो आठवला म्हणून काकींच्याच पडवीत जाऊन भिंतीवरून उतरवला, काच पुसली. काका मधोमध ज्याच्यावर बसलेत ते स्टूल नाही. चौकोनी पत्र्याचा डबा आहे, एका कुशीत आत गेलेला. चाळीस वर्षं तो आमच्या डोळ्यांसमोर आहे.

चार पोरं, असं मी सुरुवातीला लिहिलंय. गावात मात्र सगळे तीन सांगतात. चौथा बौद्धवाडीतला होता.

इथे थोडं मागे जावं लागेल. आमच्याकडच्या गावऱ्हाटीत कोणी कुठलं काम करायचं हे ठरलेलं असतं: गाऱ्हाणं कोणी घालायचं, पालखी कोणी उचलायची, ढोल कोणी वाजवायचा. ढोल हा मान म्हणून सांगितला जातो. ज्यांच्या गळ्यात तो असे त्यांना देवळाच्या पायरीच्या आत यायची परवानगी नसे, मग तो मान कसला हे ज्याने-त्याने ठरवावं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर कोकणात गावोगाव वाड्यांनी ही कामं टाकली. मेलेलं ढोर ओढणं टाकलं, ढोल टाकला. आमच्या गावात टाकणाऱ्यांत या चौथ्याचे वडील होते. त्याची किंमत त्यांनी कशी मोजली हे मी इथे लिहित नाही. ज्यांना ती मोजावी लागली त्यांनी सांगायची ती गोष्ट आहे.

मुलाच्या हातात मात्र ताल होता, आणि तो काही टाकता येत नव्हता.

मी त्या चौथ्या काकांना गेल्या मे महिन्यात भेटलो. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेत, नालासोपाऱ्याला राहतात, आंब्याच्या दिवसांत गावी येतात. पडवीत बसलो. मोबाइलवर आधी चुकीच्या गतीचं ऐकवलं, मग दुरुस्त केलेलं. पहिल्यावर ते नुसते हसले. दुसऱ्यावर दोन बोटं खुर्चीच्या हातावर चालायला लागली आणि शेवटच्या चार सेकंदांआधी थांबली, बेंजोच्या बरोबर थांबली.

“काका, ताशा का नाही घेतला? बेंजोला ताशा लागतोच की.”

“कातड्याक हात लावचो नाय, असा बापाशीन सांगितलेला.” मग जरा थांबून, “डब्याक कातडा असता काय?”

म्हणजे डबा ही गरिबीची तडजोड नव्हती. एक शब्द मोडायचा नाही आणि हातही थांबवायचा नाही, यातून काढलेली ती वाट होती. पत्र्याला ताशासारखी ओढ नसते, उसळी नसते. काठी जिथे पडेल तिथेच मरते, म्हणून ठोका भरीव ठेवायचा तर तो सारखा द्यावा लागतो, मध्ये श्वास घेता येत नाही. त्या बावन्न सेकंदांत जे दम न घेणारं काहीतरी आहे, ते यातून आलंय. माझ्या चुलतभावाला जे पंक ऐकू आलं त्यात फाटलेला भोंगा आहे, उतरलेले सेल आहेत, पण ताल आहे तो या कारणाने असा आहे. लंडनचा त्यात काही हात नाही.

शिमग्याला काय झालं, त्याच्या दोन बाजू आहेत आणि आमच्या गोष्टीत एकच येते. मांडावर, म्हणजे शिमग्याच्या ठरलेल्या जागेवर, मानकरी उठले ते आवाजासाठी नव्हे. शिमग्यात आवाजाला कोण हरकत घेतो? मांडावर कोणी वाजवायचं आणि कोणी नाही, यावरून ते उठले: ढोल टाकलात ना, मग इथे पत्रा कसा? त्याच रात्री बौद्धवाडीतही बैठक बसली आणि तिथे प्रश्न उलट होता: ढोल टाकला ना आपण, मग मांडावर पुन्हा काठी का उचललीस? त्यांनी हे मला कसलाही राग न आणता सांगितलं. वाडीतल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, असंही म्हणाले. “तेंनी सोसलेला. मी काय, मी मजा करूक गेललंय.” आठ दिवसांनी ते मुंबईला गेले. डब्याशिवाय बँड वाजेना. गाणारा दशावतारात परतला, बेंजोवाला गिरणीत. ती गिरणी १८ जानेवारी १९८२च्या संपात बंद पडली ती पुन्हा उघडली नाही, आणि बेंजो त्याने विकला.

याला पंक म्हणायचं का? चुलतभावाने हा प्रश्न अजून सोडलेला नाही. तांत्रिक उत्तर मी त्याला दिलं: तीन कॉर्ड शिका आणि बँड काढा, असा तो विलायती मामला, बेंजोवर कॉर्डच नसतो, एका वेळी एकच सूर चालतो आणि बाकीच्या तारा खाली गुणगुणत राहतात. त्यावर तो म्हणाला, तू मुद्दाम असं बोलतोस. थोडंफार खरं आहे. शब्द त्याचा, वापरायचा तर वापरू दे. फक्त खाली चार माणसं लिही आणि रेकॉर्डिंग काकींचं लिही, एवढंच मी म्हटलं. काकी स्वतःचं नाव नको म्हणतात. नालासोपाऱ्याचे काकाही नको म्हणाले, म्हणून इथे कोणाचंच नाव नाही.

फोटोही त्यांना दाखवला. फोटोच्या दिवशी तुम्ही नव्हता का गावात, असं विचारलं.

“होतंय तर. पाऊस पडा होतो. फोटोवाल्याच्या डोक्यार छत्री मीच धरलेलंय.”

मग फोटो डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी काकांच्या खालच्या डब्याकडे बराच वेळ पाहिलं. डबा त्यांच्या आईचा होता, पाणी भरायचा. कूस आत गेल्यावर तो गळायला लागला आणि आईने त्यांना आठ दिवस बोलून घेतलं. वहीतली ओळ मी मोबाइलवर मोठी करून दाखवली.

“ते तीन रुपये तुझ्या काकान अजून देवूक नाय हां,” ते म्हणाले.

मी खिशात हात घातला. पाचशेची नोट निघाली. त्यांनी ती हातानेच मागे सारली.

“सुटे घेवन ये.”